पातळ की ताकदवान? – मुलांसाठी लॅपटॉप निवडताना

(मागील गणेशोत्सवात चौथ्या दिवशी सायंआरतीनंतर झालेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



आरती झाली आहे आणि प्रसाद यायचा आहे. या मधल्या वेळात बोलणे फार अवघड असते. समोरच्यांचे अर्धे लक्ष मागे मोदकांच्या पातेल्याकडे असते आणि ते योग्यच आहे. त्यामुळे मी फार लांबण लावणार नाही.

या मंचावरून आपण संतवाङ्मय ऐकले, मधुमेहावर ऐकले, निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवरही ऐकले. यंदा सचिव म्हणाले, ‘‘तुम्ही संगणक विभागात आहात. बारावीचे निकाल लागले की आपल्या प्रत्येक घरात एकच चर्चा सुरू होते, लॅपटॉप कोणता घ्यायचा? दरवर्षी पंचवीस जणांना फोनवर सांगता, ते एकदाच सर्वांना सांगून टाका.’’ म्हणून आज उभा आहे.

फोन बहुतेक एकाच प्रकारचा असतो. ‘‘मुलगा गेमिंगचा लॅपटॉप मागतो आहे. आम्ही साधा, पातळ घ्यावा म्हणतो. तुम्ही त्याला समजवा.’’ माझे उत्तर ठरलेले असे, ‘‘गेमिंगचा अजिबात घेऊ नका.’’ हेच उत्तर मी माझ्या घरीही दिले होते. ते चुकले. कसे चुकले, ते आधी सांगतो. यंत्रांची माहिती त्यानंतर.

माझा मुलगा २०२२ साली आर्किटेक्चरला गेला. नाटा परीक्षा दिली, दिल्लीतच प्रवेश मिळाला, म्हणून हॉस्टेलचा प्रश्न आला नाही. कॉलेजने लॅपटॉपविषयी एक कागद दिला होता. त्यात ‘डेडिकेटेड ग्राफिक्स’ असावे असे लिहिले होते. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, तसे कार्ड बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्येच मिळते.’’ ‘गेमिंग’ हा शब्द ऐकला आणि माझे कान मिटले. टाळेबंदीच्या काळात शाळा मोबाइलवर होती, आणि शाळा सुटली तरी मोबाइल सुटत नव्हता. त्यावरून आमचे दोन-तीनदा चांगलेच वाजले होते. मला वाटले, हा कॉलेजचे नाव पुढे करून खेळण्याचे यंत्र मागतो आहे. सौ. म्हणाली, ‘‘त्याला एकदा नीट विचारा तरी.’’ मी म्हणालो, ‘‘पंचवीस वर्षे संगणकातच काम करतोय मी.’’ आणि अठ्ठावन्न हजारांचा, चंदेरी रंगाचा, सव्वा किलो वजनाचा पातळ लॅपटॉप घेऊन आलो.

पहिले वर्ष ठीक गेले. हाताने काढायची ड्रॉइंग्ज, पुठ्ठ्याची मॉडेल्स, लॅपटॉपवर फक्त रेघांचे नकाशे. दुसऱ्या वर्षापासून त्रिमितीय मॉडेल आणि रेंडरिंग सुरू झाले. म्हणजे न बांधलेली इमारत ऊन-सावलीसकट खरीखुरी दिसावी असे चित्र तयार करणे. तेव्हापासून हा आठवड्यातून तीन-चार रात्री लक्ष्मीनगरला खोली घेऊन राहणाऱ्या मित्राकडे जाऊ लागला. त्या मित्राकडे गेमिंगचा लॅपटॉप आहे, एवढे मला ठाऊक होते. एका रात्री मी सुनावले, ‘‘त्याच्याकडे गेमिंगचा लॅपटॉप आहे, म्हणूनच जातोस ना तिकडे?’’ तो म्हणाला, ‘‘हो बाबा, म्हणूनच जातो.’’ आणि आत निघून गेला. त्याने खरे तेच सांगितले होते. मी मात्र त्याचा मला हवा तो अर्थ घेतला.

जानेवारी २०२४ मध्ये, धुक्याच्या एका रात्री, उशीर झाला म्हणून मी गाडी घेऊन त्याला आणायला गेलो. रात्रीचा एक वाजून गेला होता. दार ढकलले. मित्र रजई ओढून झोपलेला. माझा मुलगा प्लास्टिकच्या स्टुलावर, मफलर गुंडाळून, त्या लॅपटॉपसमोर बसलेला. पडद्यावर एक अर्धवट उमटलेली इमारत होती. मित्राचे स्वतःचे काम संपून तो झोपला की मगच याला लॅपटॉप मिळत असे. त्याआधीच्या ज्युरीला याची दोन शीट्स अपुरी गेली होती. घरी त्याने काही सांगितले नव्हते. का सांगेल? सांगण्याची वाट मीच बंद केली होती.

आता यंत्राकडे वळू.

कोणत्याही लॅपटॉपमध्ये मुख्य प्रोसेसर असतो. तो एकापाठोपाठ एक कामे अतिशय हुशारीने करतो. ग्राफिक्स प्रोसेसरचे तत्त्व वेगळे आहे. त्यात हजारो छोटे कामगार एकाच वेळी, एकाच प्रकारचे हिशेब करतात. हे तत्त्व आपल्याला नवे नाही. अमेरिकेने भारताला प्रगत महासंगणक द्यायला आडकाठी केली, तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक राक्षसी प्रोसेसर मिळत नाही ना, मग अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपू, हा त्यामागचा विचार. ग्राफिक्स कार्ड हा त्याच विचाराचा खिशाला परवडणारा अवतार समजा. २०२३ साली लॅपटॉपमध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ४०६०’ या कार्डात असे ३०७२ गाभे आहेत. पडद्यावर खेळातला राक्षस धावतो त्यासाठी जे गणित लागते, तेच गणित इमारतीवर दुपारचे ऊन पाडण्यासाठी लागते. म्हणून ‘गेमिंग’ ही दुकानाची पाटी आहे. आत जे आहे ते गणिताचे यंत्र आहे. मी पाटी वाचली आणि आत डोकावलो नाही.

मग सगळ्यांनी हेच घ्यावे का? मुळीच नाही. यासाठी दुसरी गोष्ट. माझ्या मेहुणीची मुलगी नोएडाहून दिल्ली विद्यापीठात बी.कॉम.ला जाते. तिच्या वडिलांना दुकानदार म्हणाला, ‘‘सर जी, थोड़ा भारी वाला ले लो, आगे काम आएगा.’’ त्यांनी साडेपंधरा इंची गेमिंग लॅपटॉप घेतला. यंत्र सव्वादोन किलोचे, ॲडॅप्टर अर्ध्या किलोच्या वर, त्यात पुस्तके आणि डबा. सकाळच्या गर्दीत ब्लू लाइनने राजीव चौक, तिथे जिने चढ-उतार करून यलो लाइन, मग विश्वविद्यालय स्थानक. दुपारपर्यंत बॅटरी संपलेली. ग्रंथालयात पंखा असा घोंघावायचा की शेजारची मुले वळून बघायची. तीन महिन्यांत तो लॅपटॉप घरच्या टेबलावर कायमचा बसला आणि मुलगी मोबाइलवर नोट्स काढू लागली. माझी चूक एका टोकाची, तर त्यांची दुसऱ्या टोकाची.

या दोन्ही यंत्रांतला फरक ओळखायची सोपी किल्ली म्हणजे वॅट. आपण घरी ट्यूबलाइट किती वॅटची आहे ते बघतो, गीझर बघतो, मग लॅपटॉपचे का बघू नये?

पातळ लॅपटॉपमधला प्रोसेसर साधारण १५ वॅटच्या आसपास चालावा अशा बेताने बनवलेला असतो. इंटेलच्या नावात शेवटी ‘यू’ अक्षर दिसले की तो बहुधा या जातीचा. ६५ वॅटच्या ॲडॅप्टरवर असे यंत्र सुखाने चालते आणि तो ॲडॅप्टर मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडा मोठा असतो. गेमिंगच्या यंत्रात ‘एच’ जातीचा ४५ वॅटचा प्रोसेसर आणि वर ग्राफिक्स कार्डाचे वेगळे वॅट. म्हणून त्याचा ॲडॅप्टर १८० ते २४० वॅटचा, विटेएवढा. आणि ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब आठवा. त्याला हात लावता येत नसे. तशी उष्णता दोन सेंटीमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची, म्हणून ते पंखे ओरडतात.

बॅटरीचा हिशेब मुलांकडून तोंडी करून घ्या. पातळ यंत्राची बॅटरी समजा ६० वॅट-अवर आहे. टायपिंग, वाचन यांत ते ६ ते ८ वॅट खाते. म्हणजे आठ-दहा तास झाले. लहान गेमिंग यंत्राची बॅटरी ७५ ची असली, तरी साध्या कामातही ते १२ ते १५ वॅट खाते. पाच-सहा तास मिळाले तर नशीब. आणि बॅटरीवर रेंडरिंग लावले तर एक तासही पुरत नाही. शिवाय प्लग काढला की ग्राफिक्स कार्ड आपला वेग आपणच कमी करते. म्हणजे ही ताकद खरी तर भिंतीतल्या सॉकेटची आहे. बॅटरी हवी तेवढी मोठी का देत नाहीत, असे विचाराल, तर विमानात सोबत नेण्याची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-अवर आहे. त्यामुळे कंपन्या त्याच्या आतच राहतात.

आता मधला मार्ग, म्हणजे चौदा इंची लहान गेमिंग लॅपटॉप. पूर्वी ताकदवान यंत्र म्हटले की अडीच किलोचे धूड असे. एकीकडे २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला आणि पातळपणाची शर्यत लागली. दुसरीकडे गेमिंगची यंत्रे फुगतच होती. जानेवारी २०२० मध्ये आसूसने चौदा इंची ‘झेफिरस जी१४’ दाखवला, वजन सुमारे १.६ किलो, आणि दोन्ही गुण एका पिशवीत बसू शकतात हे लोकांना पटले. आता अनेक कंपन्या असे यंत्र बनवतात.

पण या लहानपणाची किंमत मोजावी लागते. एक, पैसे. त्याच नावाचे कार्ड असलेला जाड, साडेपंधरा इंची लॅपटॉप याहून बराच स्वस्त पडतो. वरचे पैसे आपण वजन घटवण्यासाठी देतो. दोन, उष्णता आणि आवाज. तीन, रॅम बऱ्याचदा मदरबोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. घेतानाच किमान १६ जीबी घ्यावी. ही तिसरी गोष्ट पातळ लॅपटॉपलाही लागू आहे. आणि चौथी गोष्ट कोणी सांगत नाही, ती लिहून घ्या. कार्डाचे नाव एकच असले तरी ताकद एक नसते. ‘आरटीएक्स ४०६०’ हे लॅपटॉपचे कार्ड कंपनी आपल्या डब्याप्रमाणे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कसेही बसवू शकते. नाव तेच आणि काम कमी. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधावा. दुकानात विचारावे, ‘‘भाईसाब, ग्राफिक्स कितने वॉट का है?’’ पुष्कळ ठिकाणी समोरचा गप्प होतो. त्या गप्प होण्यातूनही आपल्याला कळायचे ते कळते.

दिल्लीचा म्हणून एक वेगळा विचार करावा लागतो. बऱ्याच लॅपटॉपना खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत मानवते. ॲपलसारखी कंपनी तसे लिहूनच देते. आपल्याकडे २९ मे २०२४ रोजी सफदरजंगला ४६.८ अंश होते. कूलरवर चालणाऱ्या बरसातीच्या खोलीत यंत्राची काय अवस्था होत असेल! त्यातच आपली धूळ. गेमिंगच्या यंत्राची जाळी वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते. आणि हिवाळ्यात मुले रजईत बसून मांडीवर लॅपटॉप घेतात, ते बंद करा. खालची जाळी रजईने बुजते आणि यंत्राचा श्वास कोंडतो. एक लाकडी पाट ठेवा खाली. आपल्या घरात पाटांची कमतरता नाही.

मग कोणी काय घ्यावे? माझे आजचे मत सांगतो.

वाणिज्य, कला, विधी, पत्रकारिता या शाखांना पातळ लॅपटॉप. महाराष्ट्रातून यूपीएससीच्या तयारीसाठी आपली मुले राजिंदरनगर आणि मुखर्जीनगरला येतात. सहा फुटांच्या खोलीत राहतात, दिवस वाचनालयात काढतात. त्यांना तर हलके, शांत आणि दिवसभर टिकणारे यंत्रच हवे. उरलेल्या पैशांत दोन महिन्यांची मेस निघते.

संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला म्हणजे गेमिंग लॅपटॉप लागतोच, हा समज चुकीचा आहे. पहिली दोन वर्षे प्रोग्रामिंगला चांगला प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम पुरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सरावासाठी गूगल कोलॅबवर ठरावीक मर्यादेत ग्राफिक्स प्रोसेसर फुकट वापरता येतो.

आर्किटेक्चर, ॲनिमेशन, व्हिडिओ संकलन, मेकॅनिकलचे त्रिमितीय डिझाइन यांना मात्र ग्राफिक्स कार्ड हवे. यातली रेव्हिट, सॉलिडवर्क्स, थ्रीडीएस मॅक्स ही सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, हेही मॅकबुक घेण्याआधी पाहावे. मुलगा रोज मेट्रोने ये-जा करत असेल तर चौदा इंची लहान यंत्र. हॉस्टेलमध्ये राहून यंत्र टेबलावरच ठेवणार असेल तर जाड आणि स्वस्त. उगाच हलकेपणाचे पैसे देऊ नका.

आणि कोणाला खरोखर खेळायचेच असेल तर? तसे उघड सांगावे आणि आई-वडिलांनी ते ऐकून घ्यावे. आम्ही गोट्या, पत्ते, कॅरम खेळलोच की. ज्याला अभ्यास टाळायचा आहे त्याला साधा मोबाइल पुरतो. पातळ लॅपटॉप घेऊन मुलाला शिस्त लागत नाही, हे मी अठ्ठावन्न हजार रुपये भरून शिकलो आहे.

खरेदीसाठी आपले नेहरू प्लेस आहेच. २०१० पासून मेट्रो तिथवर जाते, त्यामुळे पार्किंगचे कारण नको. आधी एक चक्कर फक्त यंत्र हातात घेऊन बघण्यासाठी मारा आणि मुलाला बरोबर न्या. पिशवीत घालून चौकातल्या पायऱ्या चढायला सांगा, वजन तिथेच कळते. ‘‘बिना बिल के कम लग जाएगा’’ असे कोणी म्हटले तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. १८ टक्के जीएसटीचे पक्के बिल हीच वॉरंटीची खरी दोरी आहे. खोक्यावरचा, यंत्राच्या पाठीवरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना ते पाहा, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तिथेच तपासा.

आम्ही मार्च २०२४ मध्ये असेच गेलो. या वेळी मी मागे उभा राहिलो आणि मुलगा बोलला. चौदा इंची, १.६ किलोचा लॅपटॉप सव्वा लाखाच्या वर गेला. आधीचे अठ्ठावन्न हजार धरले तर माझ्या हट्टाचा एकूण खर्च तुम्हीच मोजा. तो पहिला पातळ लॅपटॉप आता सौ. वापरते. आपल्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब त्यावरच होतो आणि सकाळी चार्ज केला की रात्रीपर्यंत चालतो. यंत्रात काहीच खोट नव्हती. ते चुकीच्या माणसाला दिले होते, एवढेच.

तेव्हा दुकानात जाण्याआधी मुलाला तीन प्रश्न विचारा. कोणती सॉफ्टवेअर वापरणार? दिवसातले किती तास सॉकेटजवळ असणार? आणि हे ओझे रोज किती अंतर वाहून नेणार? उत्तरे कागदावर लिहून घ्या. या तीन उत्तरांतून यंत्र आपोआप ठरते. अट एकच, उत्तर आपल्या मनात आधी ठरवून प्रश्न विचारायचा नाही.

त्या रात्री लक्ष्मीनगरहून परत येताना गाडीत आम्ही दोघे काही बोललो नाही. धुके दाट होते, मी हळू चालवत होतो. घराखाली गाडी लावल्यावर मी एवढेच म्हणालो, ‘‘चुकलो रे.’’ तो म्हणाला, ‘‘जाऊ द्या बाबा, शीट सकाळी द्यायचे आहे, मी झोपतो.’’ तो विषय नंतर आमच्यात निघाला नाही. आता तो चौथ्या वर्षाला आहे. या भाषणात त्याची गोष्ट सांगू का, म्हणून काल विचारले. म्हणाला, ‘‘सांगा. पण बाबा, वॅटचे नक्की सांगा. ते सगळे विसरतात.’’

ते सांगून झाले आहे. पातेल्यावरचे झाकणही उघडलेले दिसते. 

गणपती बाप्पा मोरया!